एका इलेक्ट्रॉनची विहीर

बी.एस्सी.ला भौतिकशास्त्राचे एक प्रॅक्टिकल असते, ते खिडक्यांना काळे पडदे लावूनच करावे लागते. टेबलावर हायड्रोजन भरलेली काचेची बारीक नळी उभी असते. तिला काही हजार व्होल्टचा दाब दिला की ती गुलाबी उजळते. समोर स्पेक्ट्रोमीटर आणि त्याच्या चौथऱ्यावर इंचाला १५ हजार रेघा असलेली ग्रेटिंग. दुर्बिणीला डोळा लावून ती हळूहळू सरकवत गेले की आधी एखाददुसरी फिकट जांभळी रेघ लागते, मग निळसर हिरवी, आणि बराच काळोख ओलांडल्यावर ठसठशीत लाल. नळी गुलाबी दिसत होती, पण या रेघांत गुलाबी कुठेच नसतो.

विद्यार्थी टॉर्चच्या उजेडात व्हर्नियर वाचतो, लाल रेघेपुढे २२ अंश ४८ मिनिटे असे लिहितो, आकडेमोड करतो आणि तरंगलांबी ६५६ नॅनोमीटर येते. जर्नलवर सही होते. ज्याचे उत्तर ६६१ येते तो मुकाट्याने गेल्या वर्षीचे जर्नल शोधू लागतो. त्याच्या बाबतीत चूक बहुधा व्हर्नियर वाचण्यातच असते. पण या विषयाचा इतिहास पाहिला तर तो अशाच न जुळणाऱ्या आकड्यांनी घडवलेला आहे. गणित एक सांगते, मोजमाप किंचित वेगळे सांगते, आणि त्या किंचितच्या पोटात कधी नवा अणू निघतो, तर कधी नवा सिद्धांत. पुढच्या प्रकरणांतली उदाहरणे सोडवताना वाचकाने दशांशचिन्हानंतरच्या आकड्यांना फालतू समजू नये, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

हायड्रोजनसदृश अणू म्हणजे ज्याच्या केंद्रकाभोवती एकच इलेक्ट्रॉन आहे असा कोणताही अणू किंवा आयन. हायड्रोजन जन्मतःच तसा. हेलियमचा एक इलेक्ट्रॉन काढून टाकला, लिथियमचे दोन, लोखंडाचे पंचवीस किंवा युरेनियमचे एक्क्याण्णव, की तेही याच घराण्यात येतात. एकाच इलेक्ट्रॉनचा हा आग्रह सोयीपोटी आहे. दुसरा इलेक्ट्रॉन आला की दोघे एकमेकांना ढकलू लागतात आणि कागद-पेन्सिलीने नेमके उत्तर काढणे संपते. एकटा असेल तर मात्र त्याची ऊर्जा एका ओळीत सांगता येते: १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टला केंद्रकातील प्रोटॉनसंख्येच्या वर्गाने गुणायचे, पातळीच्या क्रमांकाच्या वर्गाने भागायचे आणि पुढे उणे चिन्ह लावायचे.

हे उणे चिन्ह अनेकांना छळते. ऊर्जा उणे कशी असेल? इथे पायऱ्यांची विहीर डोळ्यांपुढे आणावी. काठाची उंची शून्य धरली की खालचे सगळे उणेच. हायड्रोजनच्या विहिरीचा तळ उणे १३.६ वर आहे. दुसरी पातळी उणे ३.४०, तिसरी उणे १.५१, चौथी उणे ०.८५. म्हणजे तळापासूनची पहिलीच पायरी १०.२ची, पुरुषभर उंच, आणि वर जावे तसतशा पायऱ्या इतक्या ठेंगण्या होत जातात की काठाशी पाऊल ठेवायला जागा उरत नाही. तळातल्या इलेक्ट्रॉनला पार काठाबाहेर काढायचे तर १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट मोजावे लागतात. तीच आयनीभवनाची ऊर्जा. विहिरीत प्रोटॉन दोन असतील तर खोली चौपट, ५४.४.

वरच्या पायरीवरचा इलेक्ट्रॉन खालच्या पायरीवर आला की दोन्हींतला फरक फोटॉन होऊन बाहेर पडतो. तिसरीवरून दुसरीवर येताना ३.४० वजा १.५१, म्हणजे १.८९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट सुटतात. त्यावरून तरंगलांबी काढायला एक आकडा पाठ असला की पुरे: १२४०ला इलेक्ट्रॉन-व्होल्टमधल्या ऊर्जेने भागले की नॅनोमीटर मिळतात. १२४० भागिले १.८९, उत्तर ६५६. अंधाऱ्या खोलीतली लाल रेघ ती हीच.

प्रवेश परीक्षांच्या क्लासमध्ये यावर एक ठरलेला प्रश्न असतो: चौथ्या पातळीवरून तळापर्यंत येताना किती रेषा दिसतील? मुले डोळे मिटून सहा सांगतात. नळीत अब्जावधी अणू असतात, प्रत्येक आपापल्या वाटेने उतरतो, म्हणून सहा बरोबर. पण अणू एकच असेल तर तो फार तर तीन फोटॉन देईल: चारवरून तीन, तीनवरून दोन, दोनवरून एक. प्रश्नात अणू एक की अनेक हे सांगितलेच नसेल तर दोष मुलांचा नव्हे.

हे सगळे सुरू झाले चार आकड्यांपासून. स्वीडनमधील अँगस्ट्रॉम यांनी हायड्रोजनच्या चार रेषा त्या काळाच्या मानाने थक्क करणाऱ्या अचूकतेने मोजल्या होत्या: ६५६२.१०, ४८६०.७४, ४३४०.१ आणि ४१०१.२. एकक असे की दहा भरले की एक नॅनोमीटर. पुढे त्याला अँगस्ट्रॉम यांचेच नाव मिळाले. हे आकडे बाझेल शहरातल्या मुलींच्या शाळेतील गणिताचे शिक्षक योहान याकोब बाल्मर यांच्या हाती पडले. भौतिकशास्त्रातले त्यांचे काम तोवर जवळजवळ शून्य होते आणि वय साठीला टेकलेले. त्यांना आकड्यांमधल्या संगतीचा मात्र नाद होता. ३६४५.६ ही एकच संख्या घेऊन तिला अनुक्रमे ९/५, ४/३, २५/२१ आणि ९/८ यांनी गुणले तर चारही रेषा मिळतात, हे त्यांनी दाखवले. वाचकाने कॅल्क्युलेटर काढून हे एकदा करून पाहावेच. पहिला गुणाकार ६५६२.०८ येतो; मोजमापापासून फक्त ०.०२ दूर. अपूर्णांकांतली गंमतही तिथेच उलगडते. ४/३ला १६/१२ असे लिहा, ९/८ला ३६/३२. मग वर ९, १६, २५, ३६ असे वर्ग दिसतात आणि खाली त्याच वर्गांतून चार वजा केलेले.

हे १८८५ साली. असे का, हे बाल्मर यांनी सांगितले नाही आणि त्यांना सांगता येण्याजोगेही नव्हते. स्वीडनच्याच रिडबर्ग यांनी पुढच्या काही वर्षांत तेच सूत्र तरंगलांबीऐवजी तिच्या व्यस्तात मांडले आणि ते दोन पदांची वजाबाकी होऊन बसले. विहिरीच्या दोन पायऱ्या कागदावर आल्या होत्या, फक्त त्यांना पायऱ्या म्हणणारे कोणी नव्हते.

ज्याने म्हटले त्याचा जन्मही १८८५चाच. १९१३च्या फेब्रुवारीत सत्तावीस वर्षांचे नील्स बोर कोपनहेगनमध्ये अणूच्या रचनेवर डोके खाजवत बसले होते. वर्णपटांच्या भानगडीत पडायचा त्यांचा विचार नव्हता. तो विषय त्यांना फुलपाखरांच्या पंखांवरच्या नक्षीसारखा वाटे, सुंदर पण मुळाशी न नेणारा. हान्स हान्सन या सहकाऱ्याने त्यांना बाल्मरचे सूत्र पाहायला सांगितले. ते पाहताक्षणी सारे लख्ख झाले, असे बोर पुढे आयुष्यभर सांगत. जुलैत त्यांचा पहिला निबंध छापून आलासुद्धा. रिडबर्गचा स्थिरांक त्यांनी इलेक्ट्रॉनचे वस्तुमान, त्याचा प्रभार आणि प्लँकचा स्थिरांक यांतून काढून दाखवला. तेव्हाची मापे ओबडधोबड असल्याने उत्तर काही टक्क्यांनी चुकले, पण जो आकडा तीन दशके नुसता मोजला जात होता तो पहिल्यांदाच काढता आला.

खरी परीक्षा वेगळ्याच आकड्यावर झाली, आणि या सगळ्या कथेतला तो सर्वांत देखणा प्रसंग आहे. अमेरिकेतील पिकरिंग यांना १८९६च्या सुमारास झीटा पपिस या ताऱ्याच्या प्रकाशात एक विचित्र रेषामाला दिसली होती. बाल्मरच्या सूत्रात पूर्णांकांऐवजी अडीच, साडेतीन असे अर्धे आकडे घातले की ती जुळे. सगळ्यांनी तिला हायड्रोजनच्याच खात्यात टाकले. लंडनच्या आल्फ्रेड फाउलर यांनी १९१२मध्ये हायड्रोजन आणि हेलियमच्या मिश्रणात तशाच रेषा मिळवल्या आणि त्याही हायड्रोजनच्या मानल्या. बोर यांच्या विहिरीला अर्ध्या पायऱ्या नव्हत्या. त्यांनी या रेषा सरळ हेलियमच्या नावावर केल्या, एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या हेलियमच्या. तिथे खोली चौपट असल्याने अर्धे आकडे आपोआप पूर्ण होतात. ५४.४च्या विहिरीत चौथीवरून तिसरीवर या: फरक २.६४, तरंगलांबी ४६८.६ नॅनोमीटर. फाउलर यांची ठळक रेषा नेमकी तीच. मँचेस्टरला रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत इव्हान्स यांनी हेलियमची नळी घेतली. तिच्यात हायड्रोजनच्या नेहमीच्या रेषांचा मागमूस नव्हता, आणि ही रेषा होती.

फाउलर मात्र कसलेले मोजणारे. त्यांनी ‘नेचर’मधून हरकत घेतली: बोर म्हणतात तसे हेलियमचे प्रमाण हायड्रोजनच्या चौपट असायला हवे, मोजमापात ते ४.००१६ येते. हजारात अर्ध्या भागाहूनही कमी फरक! दुसरा कोणी असता तर नळीला किंवा मोजपट्टीला दोष देऊन मोकळा झाला असता. बोर यांनी आपल्या सूत्रात काय सुटले ते शोधले. त्यांनी केंद्रक जागच्या जागी खिळलेले धरले होते. फुगडी घालताना एक बाई थोराड आणि दुसरी चिमुरडी असली तरी थोराड बाईसुद्धा थोडी हलतेच, तसेच इथे. हायड्रोजनचे केंद्रक इलेक्ट्रॉनच्या १८३६ पट जड, हेलियमचे सुमारे ७३०० पट, म्हणून हायड्रोजनचे जरा जास्त डुलते. ही दुरुस्ती घातली की चारऐवजी ४.००१६३ येतात. फाउलर यांनी मान तुकवली. बोर यांच्या अणूवर ज्यांचा तोवर विश्वास नव्हता त्यांतले बरेच या चौथ्या दशांशाने वळले. बोर यांचे स्नेही हेव्हेशी यांनी व्हिएन्नात आइन्स्टाइन यांना हेलियमच्या रेषांची बातमी सांगितली, तेव्हा तेही चकित झाले होते.

त्याच डुलण्याने पुढे एक आख्खा अणू पकडून दिला. हायड्रोजनच्या केंद्रकात प्रोटॉनच्या जोडीला न्यूट्रॉन असेल तर केंद्रक दुप्पट जड, डुलणे निम्मे, आणि लाल रेघ सुमारे १.८ अँगस्ट्रॉमने सरकलेली असायला हवी. हॅरल्ड युरी आणि जॉर्ज मर्फी कोलंबिया विद्यापीठात याच जागी टपून बसले. साध्या हायड्रोजनमध्ये असा जड भाऊ साधारण साडेसहा हजारांत एकच, म्हणून फर्डिनंड ब्रिकवेडी यांनी द्रवरूप हायड्रोजन उडवून उडवून मागे राहिलेला गाळ त्यांना पुरवला. १९३१च्या अखेरीस गणिताने सांगितल्या जागी फिकट रेघ मिळाली. ड्यूटेरियम सापडले आणि १९३४चे रसायनशास्त्राचे नोबेल युरींना गेले.

हेलियमचा विषय निघालाच आहे तर विजयदुर्गाबद्दल एक वाक्य. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास ग्रहणात लॉकयर साहेबांनी या किल्ल्यावरून हेलियम शोधला, असे तिथले ओटे दाखवून मोठ्या कौतुकाने सांगितले जाते. लॉकयर तेव्हा इंग्लंडमध्ये होते आणि हेलियमची पिवळी रेषा त्यांनी ऑक्टोबरात, ग्रहणाशिवाय, तिथूनच टिपली. ग्रहणाच्या दिवशी फ्रान्सचे जान्सेन भारतात होते खरे, पण गुंटूरला. शिवाय ती ५८७.५ नॅनोमीटरची रेषा दोन इलेक्ट्रॉन शाबूत असलेल्या हेलियमची आहे, त्यामुळे या प्रस्तावनेतल्या सूत्राने ती काढायला बसलेला विद्यार्थी कितीही हुशार असला तरी फसेल.

सूत्र आणखीही एका ठिकाणी फसते, ते जड केंद्रकांशी. पंचवीस इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची दुसरीवरून पहिलीवरची उडी १०.२ गुणिले २६चा वर्ग, म्हणजे सुमारे ६९०० इलेक्ट्रॉन-व्होल्ट. ही क्ष-किरणे झाली, आणि दीर्घिकांच्या समूहांतल्या तप्त वायूतून ती खरोखर येतात. मोजमाप याच्या साधारण एक टक्का वर भरते. युरेनियमपर्यंत गेलो तर विहिरीची खोली सूत्राने ११५ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट येते आणि प्रत्यक्षात असते सुमारे १३२ हजार. इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशाच्या वेगाशी दोन हात करू लागला की सापेक्षता आत घ्यावीच लागते. ते काम १९२८मध्ये डिरॅक यांनी केले. त्यांच्या समीकरणाने हायड्रोजनच्या दुसऱ्या पातळीतल्या दोन अवस्थांची ऊर्जा तंतोतंत सारखी ठरवली. १९४७मध्ये लँब आणि रदरफर्ड नव्हे, रेदरफोर्ड (नावांच्या या साम्याने अनेक पाठ्यपुस्तकांना ठकवले आहे) यांनी सूक्ष्मलहरी लावून पाहिल्या, तर त्या दोन अवस्थांत सुमारे १०५८ मेगाहर्ट्झचा फरक निघाला. इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये सांगायचे तर एकाच्या दोन लाखांव्या भागाहूनही कमी. एवढ्याशा फटीतून आजचे क्वांटम विद्युत्‌गतिकी हे शास्त्र उभे राहिले.

ऊर्जापातळ्या काढता आल्या म्हणजे फोटॉन निघेलच असे नाही, हेही वाचकाने ध्यानात ठेवावे. पायरीवर इलेक्ट्रॉन हजर तर पाहिजे! सूर्य बहुतांशी हायड्रोजनचा, पण ५८०० अंश केल्विनला त्याच्या पृष्ठभागावर दुसऱ्या पातळीवर बसलेले अणू सुमारे १८ कोटींत एक. १० हजार अंशांच्या ताऱ्यावर हेच प्रमाण ३५ हजारांत एकावर येते, म्हणून तिथे बाल्मरच्या रेषा ठसठशीत. त्याहून तापलेल्या ताऱ्यांत त्या पुन्हा क्षीण का होतात, याचा हिशेब १९२०मध्ये मेघनाद साहा यांनी मांडला: तिथे बहुतेक इलेक्ट्रॉन विहिरीबाहेरच फेकले गेलेले असतात. आणि इलेक्ट्रॉन पायरीवर असला तरी तो किती वेळ थांबेल, हे ऊर्जेचे सूत्र सांगत नाही. दुसऱ्या पातळीतल्या एका अवस्थेतून तो १.६ नॅनोसेकंदांत खाली येतो. जवळजवळ त्याच ऊर्जेच्या दुसरीतून उतरायला त्याला सरासरी सेकंदाचा आठवा भाग लागतो, कारण तिथून एका फोटॉनची वाट बंद असते आणि एकदम दोन काढावे लागतात.

विहिरीच्या काठाजवळच्या ठेंगण्या पायऱ्याही रिकाम्या नसतात. आकाशगंगेतल्या विरळ वायूत इलेक्ट्रॉन केंद्रकाला सापडतो तेव्हा कधी अगदी वरच्या पायरीवर अडकतो आणि एकेक करत उतरतो. १६७व्या पातळीवरून १६६व्या पातळीवर उतरताना येणारी वारंवारता काढून पाहावी: सुमारे १४२४.७ मेगाहर्ट्झ, म्हणजे रेडिओलहर. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या पसरलेली जीएमआरटी दुर्बीण ज्या पट्ट्यांत ऐकते त्यांत ही वारंवारता बसते. तिच्या शेजारीच, १४२०.४ मेगाहर्ट्झला, हायड्रोजनची प्रसिद्ध २१ सेंटिमीटरची रेषा आहे. ती मात्र पायरी उतरण्याची नव्हे, तळातच इलेक्ट्रॉनने कूस बदलल्याची. दोघींत गल्लत करू नये. १६६व्या पातळीवरच्या या अणूचे आकारमानही काढण्याजोगे आहे. तळातल्या त्रिज्येला, ०.०५३ नॅनोमीटरला, १६६च्या वर्गाने गुणले तर दीड मायक्रोमीटरच्या आसपास उत्तर येते. एक अणू, आणि जिवाणूएवढा! प्रयोगशाळेच्या गजबजाटात तो क्षणभर टिकणार नाही. ताऱ्यांमधल्या पोकळीत त्याला धक्का द्यायला शेजारीच नसतो.

शेवटच्या प्रकरणातले उदाहरण दिसायला सर्वांत सोपे आहे. प्रोटॉनच्या जागी प्रतिप्रोटॉन, इलेक्ट्रॉनच्या जागी पॉझिट्रॉन. सूत्रात प्रभारांचा गुणाकार येतो, त्यामुळे चिन्हे दोन्हीकडे उलटली तरी उत्तर तेच राहते. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत असे प्रतिहायड्रोजनचे अणू चुंबकांच्या सापळ्यात, भांड्याच्या भिंतीला स्पर्श होऊ न देता, अधांतरी धरून ठेवतात. मग त्यांच्यावर २४३ नॅनोमीटरचा लेसर सोडतात. त्याचे दोन फोटॉन मिळून १०.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरतात आणि पॉझिट्रॉन तळातून दुसऱ्या पायरीवर चढतो. अल्फा या गटाने ही उडी २०१६मध्ये पहिल्यांदा पाहिली आणि २०१८मध्ये तिची वारंवारता अब्जाव्या भागाच्याही हजाराव्या हिश्श्याच्या पातळीपर्यंत मोजली. साध्या हायड्रोजनचा आकडा शेजारी मांडला. फाउलर यांना तिसऱ्या-चौथ्या दशांशात फरक सापडला होता. इथे अकराव्या-बाराव्या अंकापर्यंत खाली जाऊनही दोन्ही आकडे जुळतात, आणि लेसर आणखी बारीक करण्याचे काम चालू आहे.